मत देणाऱ्याचा माग लागता कामा नये

प्रिय मित्रास, सप्रेम आशीर्वाद.

वाळूजच्या कारखान्यातील कर्मचारी सर्वेक्षण तुझ्याकडे सोपवले आहे आणि फॉर्म वाटण्याआधीच वरिष्ठांनी ‘कमी गुण देणारे कोण, ते नंतर मला सांग’ असे बजावले आहे, हे तुझ्या पत्रावरून कळले. यादी द्यायची नाही, हे तुलाही ठाऊक आहे. त्यावर शाई खर्च करत नाही. मला विचारायचे आहे ते हे, की अशी यादी काढता येईल असा फॉर्म तू केलासच का?

फॉर्मवर नाव विचारलेले नाही, मान्य. पण विभाग, पाळी, वय, नोकरीची वर्षे आणि कंपनीच्या बसचा मार्ग विचारला आहेस. हीट ट्रीटमेंटला, म्हणजे धातू भट्टीत तापवण्याच्या विभागात, रात्रपाळीत चार माणसे आणि त्यांत पैठणच्या बसने येणारा एकच असेल, तर त्याचे नाव निराळे कशाला हवे? त्यात भरलेले कागद सुपरवायझर गोळा करणार! ‘आपली माहिती गुप्त राहील’ हे वाक्य माथ्यावर कितीही ठळक छापलेस, तरी मत देणाऱ्याचा माग कोणालाही, अगदी तुलाही, लागणार नाही अशी रचना केल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत २० हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. आरंभी ठरावीक प्रश्न होते. कामगार भलत्याच विषयांकडे वळतात असे दिसल्यावर त्यांना हवे ते बोलू देण्याची पद्धत आली. असे मोकळे बोलणे निर्धास्त माणसाचे असते. आपल्याकडे गंगापूर-वैजापूरच्या कोरडवाहू रानावर भरवसा नाही म्हणून ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा कंत्राटी कामगार निर्धास्त कुठून असणार? तो ‘पूर्णतः सहमत’वर खुणा करून मोकळा होईल आणि तुझ्या सादरीकरणातील आलेख उंच चढेल.

अशी यादी देण्यास मीही एका कारखान्यात नकार दिला होता. बदली झाली, बढती हुकली, हटवादी हे विशेषण कायमचे चिकटले. परंतु मुख्यालयातून आलेल्या नमुन्यात कर्मचारी क्रमांकाचा रकाना होता, त्यामुळे माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी तीच यादी एका दुपारीत काढून दिली. पुढच्या सर्वेक्षणात सगळे एकजात समाधानी निघाले. माझ्या नकाराने कामगारांच्या पदरात काही पडले नाही, ही खंत जात नाही. तरी नमुना बदलण्याचा अधिकार मला नव्हता आणि यादी न देणे योग्यच होते, हे मी आजही ठासून सांगेन. तुझ्या हाती तर नमुनाच आहे!

तेव्हा वय, वर्षे आणि बस हे रकाने आजच काढ. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नकोस. लहान विभाग एकत्र कर. कॅन्टीनमध्ये कुलूपबंद पेटी ठेव आणि ती कामगार प्रतिनिधींसमक्ष उघड. १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी कार्यसमितीची, म्हणजे व्यवस्थापन आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या समितीची, तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे. तुमच्याकडे ती असेल तर तिला नुसती चहापुरती ठेवू नका. हस्ताक्षरातील मजकूर बाहेरच्या माणसाकडून टंकलिखित करून घे, कारण सुपरवायझर अक्षर ओळखतो. पगारवाढीचा करार किंवा दिवाळीचा बोनस तोंडावर असताना हे काम काढूच नकोस. त्या दिवसांतले प्रत्येक उत्तर सौद्याचे असते.

वरिष्ठ विचारतील, ‘मग सुधारणा कोणात करायची?’ त्यांना शांतपणे सांग की रात्रपाळीत भट्टीजवळ पंख्याची हवा पोहोचत नाही, हे दुरुस्त करण्यासाठी तक्रारदाराचे नाव लागत नाही. त्यांना ते पटले नाही, तर सर्वेक्षण पुढे ढकलण्याची विनंती लेखी कर आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेव. रकाने काढलेला नमुना छपाईला जाण्यापूर्वी मला पाठव; याही वेळी बस राहिली असेल तर मी रागावणार आहे.

तुझा हितचिंतक