आजारातून उठून पात्रता ट्रायथलॉनला उतरताना

ताप जाऊन आठवडाही झाला नसेल तर नाव मागे घे. विषाणूजन्य तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते आणि जोर लावल्यास ती जिवावर बेतू शकते. छातीत दुखणं, धडधड, चक्कर यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढ. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोज. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त असतील तर त्या दिवशी सराव नको.

उतरलासच, तर पोहणं, सायकल आणि धावणं या ट्रायथलॉनच्या तीन टप्प्यांपैकी खरा धोका पोहण्यात आहे. सुरुवातीला गर्दीच्या मागे, कडेला उभा राहा आणि पहिले २०० मीटर मुद्दाम सावकाश काप. दम कोंडला तर सुरक्षा पथकाची होडी धर. बहुतेक शर्यतींत, तिच्या आधाराने पुढे सरकला नाहीस तर बाद करत नाहीत. सायकलवर नेहमीपेक्षा १० टक्के कमी जोर लाव, नाहीतर धावताना पाय साथ सोडतात. उन्हात घाम थांबून अंगावर काटा आला तर तिथेच थांब आणि वैद्यकीय पथकाला हाक मार.