जंगल आणि समुद्र एकाच सहलीत: मुक्काम निवडताना काय बघावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याहून तुम्ही सहा जण, म्हणजे तुम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघेदुखी असलेले सासू-सासरे. दिवाळीच्या सुट्टीत सात-आठ दिवस. आधी खरंखुरं सदाहरित जंगल, मग समुद्र. हॉटेलं शोधायला बसलात तर सगळ्यांचे फोटो सारखे, सगळ्यांना साडेचार स्टार, आणि कुठलं घ्यावं ते कळेना. गोवा-कारवार पट्टा तुम्ही स्वतःच सुचवला आहे आणि तो अगदी योग्य आहे. त्या भागात माझं बरंच फिरणं झालं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करा. पैसे जंगलातल्या मुक्कामावर खर्च करा, समुद्रावर हात आखडला तरी चालेल. बहुतेक लोक उलटं करतात. समुद्र सगळ्यांना सारखाच मिळतो. महागड्या हॉटेलातून उतरा नाहीतर साध्या झोपडीतून, पाणी तेच आणि वाळू तीच. जंगलाचं तसं नाही. तिथे जे दिसतं ते पहाटे, संध्याकाळी आणि अंधार पडल्यावर, आणि त्या वेळी तुम्ही मुक्कामाच्या जागेपासून चार पावलांवरच असता. जागा चुकली तर जंगल चुकलं.

आपण खान्देशातली माणसं जंगल म्हटलं की पाल, यावल, तोरणमाळ डोळ्यांसमोर आणतो. ते पानगळीचं जंगल. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग उघडा पडतो, नजर लांबवर जाते, पाचोळ्यात काही हललं तरी ऐकू येतं. सदाहरित जंगलात दहा-पंधरा फुटांपलीकडे काही दिसत नाही. वर पानांचं छत, खाली वेली आणि ओली माती. जळगावला वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबेला सरासरी 7,000 मिलिमीटरहून जास्त. अशा पावसावर उभं राहिलेलं जंगल पाहून घरचे पहिल्या दिवशी म्हणतील, 'इथे तर काहीच नाही.' म्हणून लॉजवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: जंगल दाखवणारा माणूस कोण आहे? तो तिथलाच आहे का, रोज पहाटे घेऊन जातो का, त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे? स्विमिंग पूल, रेन डान्स आणि इनडोअर गेम यांची यादी वाचून दाखवणारा पण या प्रश्नावर अडखळणारा लॉज यादीतून काढून टाका.

दाखवणारा माणूस चांगला असला की काय होतं ते सांगतो. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातल्या एका सुपारीच्या बागेत आमच्या वाटाड्याने एका खोडाकडे बोट दाखवलं. आम्हाला सालीशिवाय काही दिसेना. मग त्या सालीचाच एक वीतभर तुकडा सरकला, गळ्याखालचा पिवळा पडदा दोनदा फडकावला, खोडावरच्या मुंग्या टिपल्या, आणि बाजूचे पंखासारखे पडदे उघडून समोरच्या सुपारीवर तरंगत गेला. उडता सरडा. खोलीपासून दोन मिनिटांवर, चढ नाही, जीप नाही. तुमच्या सासऱ्यांना खुर्ची टाकून बसवलं तरी हे बघता येईल. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी अशीच जागा हवी, जिथे जंगल अंगणापर्यंत आलेलं असेल.

आता जागा. 'दांडेली' या नावाखाली बरंच काही विकलं जातं. दांडेली गावाभोवतीचं जंगल सुंदर आहे, पण ते बरंचसं पानगळीचं आणि निमसदाहरित. नदीकाठी रिसॉर्टांची दाटी झाली आहे. तिथल्या एका ठिकाणी 'निसर्गाच्या कुशीत' वाचून आम्ही खोली घेतली होती आणि रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालू होता. तुम्हाला हवं ते ओलं, दाट जंगल गणेशगुडी, जोयडा, अणशी, कॅसलरॉक या बाजूला जास्त मिळेल. हा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आणि त्याच्या आसपास येतो. वाघ दिसेल ही अपेक्षा मुलांच्या मनात घालू नका. धनेश, शेकरू आणि पहाटेच्या पक्ष्यांवर लक्ष ठेवा, ते मुबलक आहेत.

गणेशगुडीला कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्सचं 'ओल्ड मॅगझिन हाऊस' आहे. सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायची ती कोठाराची जागा. आवारात पक्ष्यांसाठी पाण्याची उथळ भांडी मांडलेली असतात आणि लोक कॅमेरा लावून तासन् तास बसतात. खोल्या साध्या आहेत, चकचकीत काही नाही, पण आजी-आजोबांना बसल्या जागी पक्षी बघायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही. याच संस्थेचा दांडेलीला नदीकाठचा काळी अॅडव्हेंचर कॅम्पही आहे. मुलांना बोटिंग वगैरे हवं असेल तर तो बघा. राफ्टिंगचा मात्र भरवसा धरू नका, सुपा धरणातून पाणी सोडतात त्यावर ते अवलंबून असतं.

दुसरा पर्याय जोयडा परिसरातल्या घरगुती होमस्टेचा. सुपारीची बाग, कौलारू घर, दोन-चार खोल्या. लोक कोकणी बोलतात, मराठी बहुतेकांना समजतं, त्यामुळे सासूबाईंना परकं वाटणार नाही. जेवण भात, आमटी, कोकमाचं सार, तांदळाची भाकरी. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या, कारण आपल्या जिभेला तिकडचं तिखट पुरत नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर बुकिंग करतानाच सांगा. जंगलातल्या घरात ऐन वेळी बाजारात जाता येत नाही.

भाव बघताना एक फरक लक्षात घ्या, इथे खूप जण गोंधळतात. जंगलातले बरेच लॉज भाडं खोलीवर नाही, माणशी लावतात. त्यात मुक्काम, तिन्ही जेवणं, चहा, कधी सफारी किंवा पायवाटेची फेरी धरलेली असते. समुद्रावरचा दर खोलीचा असतो आणि जेवण बाहेर. वेबसाइटवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले की जंगल भयंकर महाग वाटतं. कागदावर सहा जणांचा जेवणासकट हिशोब मांडा, मगच ठरवा. मुलांना कोणत्या वयापर्यंत निम्मा दर, जंगल प्रवेश शुल्क वेगळं का, आणि टॅक्सी थांबवून ठेवणार असाल तर ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवण्याचं काय, हेही विचारून घ्या.

फोटोंबद्दल. लॉजचे स्वतःचे फोटो बघू नका, लोकांनी टाकलेले बघा, आणि तेही पावसाळ्यातले. भिंतीला बुरशी, गादीला ओलसर वास, न वाळणारे टॉवेल या तक्रारी तीन स्टारवाल्या अभिप्रायांत सापडतात. पाच आणि एक स्टारवाले दोन्ही सहसा रागालोभात लिहिलेले असतात. थोडा ओलसरपणा त्या हवेत असणारच, पण खोलीला समोरासमोर खिडक्या आणि उंच छप्पर असेल तर तो सोसवतो. एसीच्या बंद डबीवजा खोल्या तिथे सगळ्यात वाईट. नंतर नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडा. लॉजभोवती गडद हिरवं छत आहे, की भाताची खाचरं आणि सपाट केलेलं मैदान, हे अर्ध्या मिनिटात कळतं. शेजारी हमरस्ता किंवा रेल्वेलाइन असेल तर तीही दिसते.

मग फोन लावा. नुसतं बुकिंगचं बटण दाबू नका. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे गाडी खोलीपर्यंत येते का, खोलीपासून जेवणघरापर्यंत पायऱ्या किती, रात्री त्या वाटेवर उजेड कसा असतो. कमोड आहे का आणि न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का, तेही विचारा. उंच मचाणावरच्या, झाडावरच्या खोल्या मुलांना आवडतील, पण सासूबाईंना त्या शिडीवरून रात्री दोनदा उतरवायचं कोणी? त्यांच्यासाठी तळमजला घ्या. 'व्हॉट्सअॅपवर त्या वाटेचा फोटो पाठवता का' असं विचारलं तर चांगला लॉजवाला लगेच पाठवतो.

जळवा दिवाळीत कमी झालेल्या असतात, पण पाऊस लांबला तर सापडतात. पायमोज्यांवरून घालायचे जळूचे मोजे लॉजवर मिळतात का बघा. चिकटलीच तर ओढून तोडू नका, नखाने कडेने सरकवून काढा. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय अंगणातही पाय ठेवायचा नाही, हे मुलांना आधीच बजावा. पुढे कधी डिसेंबर ते मे या काळात शिमोगा किंवा उत्तर कन्नडच्या जंगलात जाणार असाल तर माकडतापाची चौकशी लॉजवर आणि जवळच्या आरोग्य केंद्रात जरूर करा. हा रोग 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि गोचिडीमुळे पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, पाचोळ्यात बसायचं नाही, मेलेल्या माकडाच्या जवळपासही फिरकायचं नाही.

प्रवास असा बसवा. गोवा एक्सप्रेस भुसावळहून मिरज, बेळगाव, लोंढा करत जाते. लोंढा जंगलाला जवळ, पण गाडी तिथे अपरात्री पोचते आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या वेळी स्टेशनवर बसणं मला पटत नाही. त्यापेक्षा रात्री उशिरा बेळगावला उतरा, स्टेशनजवळ साधं स्वच्छ हॉटेल घ्या, आणि सकाळी नाश्ता करून टॅक्सीने गणेशगुडी गाठा. लॉजचं चेक-इन तसंही दुपारीच असतं. जंगलात सलग तीन रात्री एकाच ठिकाणी राहा. एक रात्र इथे, एक तिथे असं केलंत तर पहाटा सगळ्या बॅगा भरण्यात जातील.

तिथून जोयडा, अणशी घाट, कद्रा करत कारवारला उतरता येतं. घाट उजेडात उतरा. तो रस्ताच सहलीचा एक भाग आहे. कारवारहून तासाभरात काणकोण, म्हणजे दक्षिण गोवा.

समुद्रासाठी तुमच्या घरच्यांना मी पाळोळे सुचवेन. किनारा अर्धचंद्राकार, पाणी उथळ, लाटा सौम्य. आपली मुलं तापीत, विहिरीत पोहलेली असतात आणि तोच आत्मविश्वास समुद्रात घात करतो, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर दृष्टी संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल झेंडा असेल तिथे घोट्याच्या वर पाणी येईल इतकंही जायचं नाही. आगोंद शांत आणि फार देखणा आहे, ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालायला येतात, पण पाण्याला ओढ आहे. तिथे फिरायला जा, मुलांना पोहायला नको. गोकर्णचं नावही तुमच्या यादीत होतं. देवदर्शनाला जरूर जा, पण ओम बीचला पायऱ्या उतराव्या लागतात आणि हाफ मून, पॅराडाइज या किनाऱ्यांवर चालत किंवा होडीनेच जाता येतं. गुडघ्यांसाठी ते नाही.

पाळोळ्याला 'सी व्ह्यू'चे जास्त पैसे देऊ नका. किनाऱ्यावरच्या लाकडी झोपड्या पावसाळ्यात उतरवतात आणि ऑक्टोबरपासून पुन्हा उभ्या करतात. दिवाळी लवकर आली तर काही अजून बांधकामात असतील, ठोकाठोकी चालू असेल. म्हणून मागच्या गल्लीतलं पक्कं गेस्ट हाऊस, तळमजल्याची खोली, किनाऱ्यापर्यंत सपाट वाट, हे बघा. संध्याकाळी संगीत कुठून येतं ते विचारून किनाऱ्याच्या शांत टोकाला खोली घ्या. आणि एक सकाळ कोटिगाव अभयारण्यासाठी राखून ठेवा, ते याच तालुक्यात आहे. मुलांना मचाणावर चढायचंच असेल तर ती हौस तिथे भागेल.

परतीला मडगावहून मंगला एक्सप्रेस थेट जळगावला आणते. चोपड्याला जायला तेच सोयीचं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बदलतं, तेव्हा तिकिटावरची वेळ पुन्हा तपासा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत खालचे बर्थ पहिल्या काही मिनिटांत जातात. लॉजचं बुकिंग मात्र त्याच्याही आधी करावं लागतं, म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील असाच दर घ्या, थोडा जास्त पडला तरी. आणि जमलं तर लाभपंचमी झाल्यावर निघा. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत त्या पट्ट्यात गुजरात-मुंबईची गर्दी लोटते, तेच लॉज पुढच्या आठवड्यात निवांत असतात.

तुमची शेवटची दोन-तीन नावं ठरली की इथेच टाका. त्यातल्या एखाद्या ठिकाणी मी राहिलो असेन तर पायऱ्या, पाणी आणि जेवण कसं आहे ते सांगतो.