मंजूर पदं आणि भरलेल्या खुर्च्या

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेल सकाळी चहाबरोबर वाचला. शहराच्या कौन्सिलपुढे बजेटची सुनावणी, वाद पोलीस आणि अग्निशमनाच्या पैशांचा. अर्धं सभागृह त्यांच्या युनियनच्या लाल टी-शर्टात, अर्धं पोलिसांचे पैसे कमी करा म्हणणाऱ्या पाट्या घेऊन उभं, आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून तू. "मावशी, यात बरोबर कोण?" असं विचारलंस. बजेट ऑफिसात लागून तुला चार महिने झालेत, म्हणजे प्रश्न वेळेवर पडलाय. मला अशाच ऑफिसात तो पडायला सहा वर्षं लागली, आणि तोवर माझ्या हातून एक तक्ता चुकीचा गेला होता. त्याचं पुढे सांगते.

कॅलिफोर्नियात येण्याआधी मी आपल्याकडच्या एका नगरपालिकेत लेखा विभागात कारकून होते, हे तुला माहीत आहे. तिथे पोलीस आणि अग्निशमन यांचा हिशेब एका कागदावर मी कधी पाहिलाच नाही. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. बंब पालिकेचा, राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकेच्या कामांमध्येच अग्निशमन लिहिलेलं आहे. मुंबईतही तेच. त्यामुळे हवालदार कमी करून फायरमन वाढवावेत का, की दोघांनी मिळून ग्रंथालयाचे पैसे खाल्ले, हा वाद तिकडे एका टेबलावर येतच नाही. इथे सगळं एका थैलीतून जातं: पोलीस, अग्निशमन, बागा, ग्रंथालयं. त्या थैलीला जनरल फंड म्हणतात. आणि कॅलिफोर्नियात तिचं तोंड 1978 पासून आवळलेलं आहे. त्या वर्षी लोकांनी मतदान करून घरपट्टी घराच्या नोंदलेल्या किमतीच्या 1 टक्क्यावर बांधली, आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरवलं. पगार काही 2 टक्क्यांवर थांबत नाहीत.

हे कुठवर जातं ते बघायचं असेल तर एखाद्या रविवारी वलेहोला जाऊन ये. जेमतेम सव्वा लाख वस्तीचं शहर, सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभरावर. मे 2008 मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा जनरल फंडातल्या दर 4 डॉलरमधले जवळजवळ 3 पोलीस आणि अग्निशमन दलावर जात होते. शहराने अग्निशमन केंद्रं बंद केली, पोलीस कमी केले. 2011 मध्ये बाहेर पडताना जिला हात लागला नव्हता अशी मोठी गोष्ट एकच: पेन्शन. त्यामागे 1999 चा कायदा होता. आधी महामार्ग पोलिसांसाठी झाला, मग शहराशहरांत पोलीस-फायरच्या करारांत उतरला: नोकरीच्या प्रत्येक वर्षाला 3 टक्के, वयाच्या पन्नाशीला. म्हणजे विशीत लागलेला माणूस तीस वर्षांनी शेवटच्या पगाराच्या 90 टक्के घेऊन घरी. 2013 पासून नव्यांसाठी हे आखडलं, पण जुन्यांना दिलेला शब्द अजून वीस-तीस वर्षं चालेल. तेव्हा कोणी "बजेट वाढलं, तरी रस्त्यावर पोलीस का दिसत नाहीत?" असं विचारलं, की त्याला खोटारडा समजू नकोस. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. वाढलेला पैसा आज रस्त्यावर नसलेल्या माणसांना जातो.

आता खुर्च्यांचं गणित. हे तुला कॉलेजात कोणी शिकवलं नसणार. बंबावरची एक खुर्ची चोवीस तास, सातही दिवस भरलेली पाहिजे. आठवड्याचे 168 तास. फायरमन सरासरी 56 तास काम करतो. म्हणजे एका खुर्चीला तीन माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की तीनहून जास्त. पोलीस 40 तासांचा आठवडा करतो, त्याच्या एका खुर्चीला चारहून जास्त, प्रत्यक्षात पाचेक. कौन्सिलने "सहा पदं कमी" म्हटलं की टाळ्या किंवा शिव्या पडतात, पण बंबावर किमान किती माणसं हवीत हे करारात लिहिलेलं असेल तर खुर्ची रिकामी राहत नाही. ती ओव्हरटाइमने भरते. सहा महिन्यांनी ओव्हरटाइमचा आकडा फुगला की तोच कौन्सिलर तुमच्या ऑफिसला झापतो. मी हे तीनदा पाहिलं.

इथे माझी नगरपालिकेतली कारकुनी कामाला आली, हसू नकोस. आमच्याकडे कपात कधी जाहीर होत नसे. आस्थापनेच्या नोंदवहीत दोन रकाने असत, मंजूर पदं आणि भरलेली पदं, आणि सगळं राजकारण त्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत चालायचं. पद रद्द केलं की मोर्चा येतो. नुसतं भरलं नाही तर कोणी येत नाही. इथेही तसंच आहे, फक्त कागद गुळगुळीत आहे. तेव्हा कोणताही प्रस्ताव हातात आला की पहिल्यांदा हे दोन रकाने शेजारी मांड. "चाळीस पदांना कात्री" यातली एकतीस दोन वर्षं रिकामीच असतील, तर ती कपात आहे की नुसती झाडलोट, ते कौन्सिलला कळलं पाहिजे. आणि भरतीला माणसंच मिळत नाहीत म्हणून ती एकतीस रिकामी असतील, तर तेही.

टेक्सासमधल्या ऑस्टिनचं उदाहरण मुद्दाम पाठ कर. ऑगस्ट 2020, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरचा उन्हाळा. तिथल्या कौन्सिलने एकमताने पोलिसांचे साधारण 15 कोटी डॉलर कमी केले अशी बातमी देशभर गेली. प्रत्यक्षात लगेच कापलेले होते 2 कोटींच्या आसपास. बाकीचा मोठा भाग म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळा, आपत्कालीन फोन घेणारी खोली वगैरे कामं पोलीस खात्यातून काढून दुसऱ्या खात्याच्या नावावर लिहिणं, आणि काही "पुढे विचार करू" या खात्यात. पाट्या घेतलेल्यांनी 15 कोटींचा विजय साजरा केला, विरोधकांनी 15 कोटींची भीती घातली. पुढच्या वर्षी टेक्सास राज्याने पोलिसांचं बजेट कमी करणाऱ्या मोठ्या शहरांना दंड करणारा कायदा केला आणि ऑस्टिनचा आकडा पूर्वीपेक्षाही वर गेला. त्या 15 कोटींची फोड पहिल्याच रात्री कोणी पडद्यावर मोठ्या अक्षरात लावली असती तर? मला उत्तर माहीत नाही. पण ती लावणं हे तुझ्या खुर्चीचं काम आहे.

युनियनवाल्यांची तुला भीती वाटली असं लिहिलंस. 1975 च्या जूनमध्ये न्यूयॉर्क बुडायला आलं होतं, तेव्हा पोलीस आणि फायरच्या युनियनांनी कवटीचं चित्र छापलेली पत्रकं प्रवाशांसाठी काढली: भयनगरीत स्वागत. संध्याकाळी सहानंतर पायी फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका. निव्वळ घाबरवणं. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये 212 नंबरच्या बंबाचं केंद्र बंद करायला पालिकेची माणसं आली, तेव्हा वस्तीतले लोक आत शिरले आणि बंब बाहेर नेऊ देईनात. तिथेच राहिले, आळीपाळीने, वर्षभराहून जास्त. शेवटी केंद्र सुरू झालं. (2003 मध्ये ते पुन्हा आणि कायमचं बंद झालं, हेही सांगायला हवं.) लाल टी-शर्ट आणि वस्तीतली माणसं एकच मागणी करत असली तरी एकाच कारणाने करत नाहीत.

न्यूयॉर्कने कोणती केंद्रं बंद करायची ते रँड नावाच्या संशोधन संस्थेच्या गणिती मॉडेलवर ठरवलं. बंब किती मिनिटांत पोचतो, यावर ते उभं होतं. टीकाकारांनी पुढे दाखवून दिलं, की बंब केंद्रात मोकळाच उभा असेल असं त्यात गृहीत होतं, आणि शहराच्या ब्राँक्स भागात तो बहुतेक वेळा आधीच दुसऱ्या आगीवर असायचा.

हे वाचलं तेव्हा मला घाम फुटला, कारण तोवर माझा तक्ता होऊन गेला होता. मंदीतली वर्षं होती. आमच्या शहराने सहा केंद्रांपैकी एकेक पाळीपाळीने बंद ठेवायचं ठरवलं. मी पोचण्याच्या वेळेची शहराची सरासरी काढली: फरक अकरा सेकंदांचा. तो तक्ता मी अभिमानाने पडद्यावर लावला होता. रेल्वेलाईनच्या पलीकडे एक वस्ती होती, तिच्या बाजूला केंद्र एकच. ज्या दिवशी ते बंद, त्या दिवशी बंब फाटकातून येणार. आणि मालगाडी उभी असेल तर थांबणार. तसंच झालं. एका बाईंचं गॅरेज जळालं, माणसं सुखरूप. पुढच्या सुनावणीला त्या आल्या. बोलायला दोन मिनिटं मिळतात, त्यांनी पाऊणही घेतलं नाही. म्हणाल्या, बंबाचा लाल दिवा मला गाडीच्या डब्यांच्या फटीतून दिसत होता. माझ्याकडे बघून नाही, असंच समोर बघून. मी माझ्या तक्त्याला वस्तीवार रकाने केले नव्हते. करायला एक दुपार लागली असती.

म्हणून तुझ्या "बरोबर कोण"चं उत्तर मी देत नाही. पाट्यावाले म्हणतात की मनाने खचलेल्या माणसाकडे बंदूकवाला कशाला पाठवता, खरंच आहे. ओरेगनमधल्या यूजीनने 1989 पासून अशा फोनांवर एक नर्स वगैरे आणि एक समुपदेशक अशी जोडी व्हॅनमधून पाठवली, देशभरात नाव झालं. 2025 मध्ये पैशांअभावी ती सेवा त्या शहरात थांबली. पर्याय उभा करणाऱ्यालाही दर जुलैला, नवं बजेट सुरू होतं तेव्हा, पगाराचे पैसे लागतात. फायरवाल्यांना विचार, त्यांच्या फोनांत आगीचे किती. शंभरात जेमतेम चार-पाच निघतील, निम्म्याहून जास्त आजारपणाचे. मग छातीत कळ आलेल्या आजोबांकडे शिडीवाला बंब आणि चार माणसं जावीत का? हा प्रश्न मी पंधरा वर्षांपूर्वी विचारला तेव्हा फायर चीफने मला कॉफी पाजली आणि विषय बदलला. तू विचार. आता आकडे मागता येतात.

एक मात्र कर. पुढच्या सुनावणीआधी एक रात्र आपत्कालीन फोन घेतात त्या खोलीत जाऊन बस. सुपरवायझरला विचारलंस की परवानगी मिळते. कोणत्या वस्तीतून फोन आला, कोण निघालं, कोण आधीच दुसरीकडे अडकलं होतं, एवढंच वहीत लिही. मग तक्ता कर.

तुझी,
मावशी

ता. क. सभागृहात एसी कडक असतो, शाल ने. मुख्य विषय रात्री अकराशिवाय येत नाही, डबाही ने. आणि मागच्या खेपेला माझा स्टीलचा डबा तुझ्याकडेच राहिलाय, तोच ने.