थंडीतली परसबाग

प्रश्न : पुण्यात घरामागे 10 बाय 10 फुटांची मोकळी जागा आहे. दिवाळीनंतर तेथे कोणत्या भाज्या लावाव्यात?

उत्तर : मेथी, पालक, मुळा, गाजर आणि वाटाणा या दिवसांत उत्तम येतात, भेंडी-काकडीसाठी मात्र फेब्रुवारीपर्यंत थांबावे. मेथी एकदम सगळी न पेरता दर 10 दिवसांनी एकेक ओळ पेरल्यास साधारण महिनाभरात पहिली जुडी निघते आणि पुढे भाजीत खंड पडत नाही. धणे अख्खे पेरू नयेत. चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन डाळी झाल्या, की रात्रभर भिजवून पेरावेत. मुळा आणि गाजर जागेवरच पेरावेत, कारण रोप हलवल्यास मूळ वेडेवाकडे वाढते. कोबीचा मोह आम्ही तरी टाळू. एका गड्ड्यासाठी तो दोन-अडीच महिने जागा अडवून बसतो.