राखेचा पांदण रस्ता टिकत का नाही?

प्रश्न : मुरूम महाग पडतो म्हणून आमच्या पांदण रस्त्यावर वीज केंद्राच्या तलावातली राख पसरली. उन्हाळ्यात ती डोळ्यांत जाते, पावसाळ्यात बैलगाडी रुतते. आता ती काढून टाकावी का? बाजूच्या विहिरीला काही धोका? – एक वाचक, कामठी तालुका

उत्तर : विहिरीजवळचा आणि पाणी साचणारा तुकडा सोडून बाकीची काढू नका, पण तिच्यात चुना घातल्याशिवाय रस्ता होणार नाही. कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या राखेत चुन्याचा अंश फार कमी असतो. त्यामुळे नुसत्या पाण्याने ती धरत नाही; वाळली की उडते, भिजली की वाहते. चुना मिळाला की तिच्यातली सिलिका त्याच्याशी संयोग पावून सिमेंटसारखी घट्ट होते. खालच्या काळ्या मातीचे फुगणेही चुन्यानेच आवरते. तलावातल्या राखेपेक्षा कोरडी फ्लाय ॲश (धुरातून कोरडीच गोळा केलेली बारीक राख) यासाठी सरस.

सुरुवातीला वजनाने ४ टक्के विरवलेला (पाण्याने फोडलेला) चुना, २० टक्के राख, बाकी काळी माती धरा. ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड थराला १०० मीटर लांबीत साधारण २.९ टन चुना आणि १४.५ टन राख लागते. नेमके प्रमाण मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासूनच ठरवा. गावागणिक माती बदलते.

राख बाजूला ओढून माती उकरा आणि ढेकळे रोटाव्हेटरने बारीक करा. काम फसते ते बहुधा इथेच, कारण ढेकळाच्या पोटात चुना शिरत नाही आणि पहिल्या पावसात तेच फुगते. निम्मा चुना मिसळून, ओलावून एक दिवस ठेवा. मग राख व उरलेला चुना घालून पाणी शिंपडत कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा बसावा, हाताला पाणी सुटू नये. त्याच दिवशी रोलर फिरवा. पुढचे ७ दिवस थर ओला ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात दिवसातून एकदा पाणी मारून भागत नाही, म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. वर गिट्टी-मुरमाचा थर, मध्ये उंचवटा, दोन्ही बाजूंना नाली हवीच. चुना हाताळताना हातमोजे, चष्मा घाला. वाऱ्यात पसरू नका.

विहिरीबद्दल : राखेत आर्सेनिक, क्रोमियमसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात आणि ती पाण्यात उतरू शकतात. विहिरीजवळ आणि पाणी साचते तिथे राख अजिबात ठेवू नका, तेवढ्या तुकड्यात मुरूमच वापरा.