स्टॅटिनच्या आधी टीएसएच

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बेचाळीस वर्षांच्या बाई, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 190, नाडी 54, सतत थकवा. तू टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) लिहिलंस आणि सीनियरनी "थकवा कोणाला नसतो?" म्हणत ते खोडलं. आता मला विचारतेस, आपण उगाच अति करतोय का. नाही करत. आणि हा प्रश्न तुला पडावा, याचा मला जरा रागच आला.

एलडीएल वाढलेलं दिसलं की स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीच्या, आधी टीएसएच. थायरॉइड कमी पडलं की यकृतावरचे एलडीएल रिसेप्टर घटतात आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल उचललंच जात नाही, हे तू शिकली आहेस. त्यात रक्तवाहिन्या आखडतात, खालचं बीपी चढतं. हृदयाला दोन्हीकडून मार, रिपोर्टवर मात्र दिसतं फक्त "कोलेस्टेरॉल जास्त". आपण आकड्याला गोळी देतो आणि मोकळे होतो.

मीही झाले होते मोकळी. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी एक बाई आल्या. आवाज घोगरा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. मला दिसलं होतं सगळं, तरी स्टॅटिन लिहून दिलं. तीन महिन्यांनी म्हणाल्या, मांड्या दुखतात, जिना चढवत नाही. मी गोळी बदलली. थायरॉइड कमी असताना स्टॅटिननं स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, हे मला पाठ होतं, परीक्षेपुरतं. वर्षभरानं त्या धापा टाकत आल्या. ईसीजीच्या लाटा एवढ्याशा, इकोत हृदयाभोवती पाणी, थायरॉइड कमी पडलं की चढणारं टीएसएच 100 च्या वर. "थंडी सहन होत नाही हे मी तुम्हाला सांगितलं होतं," एवढंच बोलल्या त्या. त्या काळी हा रिपोर्ट यायला आठवडा लागायचा, हे खरं. पण मी तो मागवलाच नव्हता.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, 25 मायक्रोग्रॅमपासून हळूहळू वाढवलं. अशा हृदयावर एकदम पूर्ण डोस लादता येत नाही. काही महिन्यांत पाणी ओसरलं. एलडीएलही उतरलं, स्टॅटिनशिवाय. मी तपासण्या वाढवते म्हणणाऱ्यांनी त्या इकोचा पडदा पाहिलेला नाही.

म्हणून स्टॅटिनच्या आधी टीएसएच. किती वेळा सांगू?

पण टीएसएचचा आकडा 6 आला आणि फ्री टी4 (रक्तातलं थायरॉइड हार्मोन) नॉर्मल असेल, तर लगेच थायरॉइडची गोळी लिहायची घाई नको, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघ. 2010 साली 11 अभ्यासांतल्या 55,000 हून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा हृदयविकाराचा धोका ठळक दिसला तो टीएसएच 10 च्या वर असलेल्यांत. आणि उलट बाजू विसरू नकोस: वयस्कर माणसाची नाडी अचानक अनियमित झाली, तर थायरॉइड जास्त तर नाही ना, हेही बघायचं.

सीनियरशी भांडू नकोस. उद्या त्या बाईंना खुर्चीवर गुडघे टेकवायला सांग, पावलं कडेबाहेर मोकळी ठेव आणि टाचेमागच्या टेंडनवर हातोडी मार. पाऊल झटका देईल. तू बघायचं ते परत येताना. रेंगाळत आलं, तर ती थायरॉइड कमी असल्याची खूण; सीनियरना बोलावून तेच दाखव आणि तपासणीचा कागद पुढे कर. नाही रेंगाळलं तरी कागद पुढे कर.

रिपोर्ट आला की फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
मॅडम