नवीन अंगणवाडी ताईला

आयांना प्रथिनं-कर्बोदकं फळ्यावर लिहून शिकवू नकोस. माझी पहिली दोन वर्षं तक्ते दाखवण्यात गेली. आया नुसत्या माना डोलवायच्या. मग एकीच्या डब्यातली ज्वारीची भाकर हातात घेतली आणि तिथून बोलायला लागले.

आपल्या शरीरातली प्रथिनं 20 अमिनो आम्लांनी बनतात. त्यातली 9 खाण्यातूनच यावी लागतात. एक जरी कमी पडलं तरी पेशीतलं बांधकाम अडतं. ज्वारीत त्या 9 पैकी लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, तुरीच्या डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव भाकर भरून काढते. म्हणून चटणी-भाकरीवर वाढणाऱ्या लेकराला घट्ट वरणात भाकर कुस्करून द्यायला सांग. पळी तळापर्यंत घालून डाळ वर काढायची, वरचं पाणी नाही. हे करूनच दाखव.

तेलाची भीती घालू नकोस, पेशीचं आवरणच मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं. घरात जवसाची चटणी असली तर उत्तमच.

पालेभाजीवर लिंबू पिळायचं, पण भाजी चुलीवरून उतरवल्यावर. क जीवनसत्त्व उष्णतेनं जातं, आणि भाजीतलं लोह अंगी लागायला त्याचीच मदत होते.

वजनाच्या दिवशी काट्यावरचा आकडा आईलाच वाचू दे.